ताईचं मत

बोटीवरून उतरवलेली मालाची पेटी बंदराच्या धक्क्यापासून दोन पुरुष उंचीवर होती तेव्हा तिचं दार आपोआप उघडलं आणि आतले नळ खाली सांडले. कुणाला लागलं नाही. खोकी फुटली, पुठ्ठे उडाले आणि सकाळी नऊच्या उन्हात धक्क्याचा तेवढा तुकडा असा चकाकायला लागला, की वर क्रेनच्या काचेच्या केबिनमध्ये बसलेल्या तिला डोळे बारीक करावे लागले. कानात खालच्या इशारेवाल्याचा आवाज आला. "घार, थांब. नळ आहेत. नुसते नळ. पाणी तेवढं नाही." त्याच्या मागे कुणीतरी खो खो हसलं. ती थांबलेलीच होती. खरं तर तिनं थांबायचं नव्हतं, पेटी हळूच एका बाजूला नेऊन टेकवायची होती. हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. पण दोन्ही हात दांड्यांवर होते आणि हात काही करत नव्हते. "घार, ऐकतेस ना? खाली घे." तिनं घेतली. अंड्यावर अंडं ठेवावं तशी टेकवली. इशारेवाला नंतर म्हणाला, वीस सेकंद गेले. तेरा वर्षांत कुणालाही तिला एक गोष्ट दोनदा सांगावी लागली नव्हती.

ती घाबरली नव्हती. घाबरणाऱ्यातली ती नव्हतीच. धक्क्यावर तिला घार म्हणायचे ते काही लाडानं नाही. पहिल्याच वर्षी वाऱ्यानं क्रेन हलत असताना चार जुन्या पुरुष ऑपरेटरांनी काम नाकारलं आणि ही शिडी चढून गेली, तेव्हापासून. आणि इतक्या वरून ते नळ आहेत की चमचे आहेत हेही कुणाला दिसलं नसतं. तिला दिसलं असंही नाही. गर्दीत पाठमोरं आपलं माणूस चालीवरून ओळखू येतं, तसं काहीतरी झालं. जेवणाच्या सुट्टीत इशारेवाल्यानं त्यातला एक नळ कॅन्टीनच्या टेबलावर आणून ठेवला होता. सगळे त्याला फिरवून बघत होते. तिनं हातात घेतला. आखूड मान, गोल खांदा, चपट्या पाकळ्यांची चावी. ताईच्या कारखान्यात वर्षानुवर्षं झालेला नळ, हुबेहूब. फक्त हाताला हलका लागला. इतका हलका, की उचलताना तिचा हात उगाच वर गेला, पायरी नसताना पाय टाकावा तसा. "नाक आहे, जीव नाही," ती म्हणाली. हे तिचं बोलणं नव्हतं. पॉलिश खात्यात नापास झालेला नळ बाजूला टाकताना ताई असं म्हणायची.

ताई सतराव्या वर्षी त्या खात्यात लागली. वडील गेलेले, आई अंथरुणाला, आणि ही सात वर्षांची. संध्याकाळी ताई घरी यायची तेव्हा तिची बोटं काळी असायची, अंगाला मेणाचा आणि तापलेल्या धातूचा वास यायचा आणि भांगात पितळेचा भुगा चमकायचा. मोठ्या बहिणींच्या भांगात सोनं असतं, अशी तिची लहानपणी पक्की समजूत होती. वर्गातल्या एका मुलीशी त्यावरून मारामारीही झाली होती. बंदराच्या प्रशिक्षणाची जाहिरात ताईनंच पाहिली, अर्जही तिनंच भरला. 'उंचीची भीती वाटते का?' या प्रश्नापुढे हिला न विचारता ठळक अक्षरात 'नाही' लिहिलं. "अगं, मला काय माहीत वाटते की नाही?" ही म्हणाली होती. "आता लिहिलंय ना," ताई म्हणाली, "म्हणजे वाटत नाही." आणि खरंच वाटली नाही. पहिल्यांदा शिडी चढताना तिनं खाली पाहिलं, पोटात काही हलतंय का ते तपासलं, आणि काहीच हलत नाही म्हटल्यावर तिला हसू आलं. ताईनं एकदा लिहिलं की माणसाचीही हिंमत व्हायची नाही घाबरायची.

त्या दिवशी दुपारनंतर तिनं नेहमीसारख्या पेट्या उतरवल्या. हात परत ठिकाणावर आले होते. पण प्रत्येक पेटी चौकटीत अडकून वर येताना मनात एक प्रश्न येत होता, जो तेरा वर्षांत कधी आला नव्हता. हिच्यात काय आहे? आजवर पेटी म्हणजे वजन होतं. वजन, वारा आणि अंतर. वीस टनाची, बावीस टनाची, डावीकडे झुकणारी, शहाणी, खट्याळ. आत काय आहे हे बघणं कारकुनांचं काम. तिचा नवरा तेच करायचा, माल सोडवणाऱ्या एका कचेरीत कागद तपासायचा. संसाराची अशी छान वाटणी होती, की ती पेटी उचलायची आणि आत काय आहे ते नवऱ्याला माहीत असायचं. आणि आता एक एक पेटी वर येताना तिला वाटत होतं, ही कुणाच्या बहिणीची? ही कुणाच्या दाजींची? कानात इशारेवाला डावीकडे, उजवीकडे सांगत होता. त्याची सासुरवाडी छत्र्यांच्या गावची. तिथं आता एकही छत्री होत नाही, मेहुणा तीन महिने त्याच्याकडेच राहतोय, हे त्यानं तिला कधीतरी सहज सांगितलं होतं आणि तिनं सहज ऐकलं होतं.

सहज. हाच शब्द तिला घरी जाताना टोचत राहिला. ताईचा फोन दर रविवारी सकाळी अकराला यायचा आणि ताई जे काही सांगायची ते सहजच सांगायची. तक्रार हा प्रकार तिच्या तोंडी नव्हता. कारखान्याच्या फाटकासमोरचं चहाचं दुकान उठलं गं, आता चहा घरीच. बस आता दिवसातून एकदाच येते. शाळेत दोन वर्गांचा एक वर्ग केला. समोरची शिवणवाली मुलाकडे गेली, जाताना कुंड्या मला देऊन गेली, आता पाणी घालायला जागा पुरत नाही. आणि मग पुष्कळ गोष्टींच्या मधे, जणू आठवलं म्हणून, परवापासून आमचं बंद झालं. दाजींचं ओतकाम आधीच थांबलं होतं. "मग आता?" हिनं विचारलं. "आता काय, आराम," ताई म्हणाली आणि कुंड्यांवर आली. ही दर सोमवारी कॅन्टीनमध्ये ते सांगायची. मुद्दाम नाही. जेवताना माणूस काहीतरी बोलतोच. मग कॅन्टीनवाल्या मावशी त्यांच्या भावाचं सांगायच्या, इशारेवाला मेहुण्याचं. काही आठवड्यांनी लोक आपणहून विचारायला लागले, "घार, ताईची बस चालू आहे का गं?" न पाहिलेल्या गावातली न पाहिलेली बस अख्ख्या कॅन्टीनला माहीत झाली होती.

सहा महिन्यांपूर्वी ती ताईकडे दोन दिवस जाऊन आली होती. त्या गावात पहाटे साडेपाचला कारखान्याचा भोंगा व्हायचा. लहानपणी त्या भोंग्यावर दूध यायचं, आई कूस बदलायची, कुत्रीसुद्धा त्यावरच उठायची. त्या सकाळी तिला जाग आली तेव्हा ऊन पार गादीवर आलं होतं. भोंगा नव्हता म्हणून तिला कुणी उठवलंच नव्हतं. ती स्वयंपाकघरात गेली. ताई तिथं होती. वेणी घातलेली, धुतलेली साडी, पायात कामावर जायच्या बंद चपला, समोर रिकामा कप. "किती वाजता उठलीस?" "नेहमीच्या वेळेला." "कुठं जायचंय?" "कुठं नाही," ताई म्हणाली आणि गडबडीनं उठून कप विसळायला लागली. तेव्हा तिनं काही विचारलं नाही. ताईची बोटं गोरी झाली होती, अगदी नखांच्या कडांपर्यंत, आणि ती तिला ओळखीची वाटेनात. परतीच्या गाडीत बसल्यावर तिनं ते डोक्यातून काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी वारा होता आणि वाऱ्याच्या दिवशी डोकं रिकामं लागतं.

निवडणूक तीन आठवड्यांवर होती. त्याच आठवड्यात युनियनचे सेक्रेटरी तिला शोधत कॅन्टीनमध्ये आले. गोल, उत्साही माणूस, बसण्याआधी खुर्ची पुसणारा. आपल्या शहरातून उभे असलेले, सध्या निवडून आलेले गृहस्थ बंदराच्या बाजूचे. दुसरा धक्का बांधू, सहा नव्या क्रेन आणू, हे त्यांचं वचन. समोरचा उमेदवार म्हणत होता, परदेशी मालावर कर वाढवा. "म्हणजे आपल्याच पोटावर पाय," सेक्रेटरी म्हणाले. "अर्थात इथं त्याचं कोण ऐकतंय! या शहरात कुणाचं काही बंद पडलेलं नाही. तरी शेवटची सभा फाटकावर ठेवलीय, पाळी बदलताना. तू बोलायचं. घार बोलली की माणसं मान वर करून ऐकतात, सवयच आहे त्यांना." मग आवाज उतरवून म्हणाले, "आणि नव्या धक्क्यावर मुख्य ऑपरेटर कोण होणार, ते मी काही सांगायला नको." तिला बोलायची भीती नव्हती. ती हो म्हणाली. हो म्हणताना मनात काही वाकडं नव्हतं, हे तिनं नंतर स्वतःला बरेचदा बजावलं. नव्या क्रेन तिला हव्याच होत्या. त्यांची चित्रं तिनं पाहिली होती, मान उंच, केबिनला तिन्ही बाजूंनी काच. त्या रात्रीच्या जेवणापर्यंत तिच्या डोक्यात त्याच होत्या.

जेवताना तिनं नवऱ्याला विचारलं, "ते नळ कधीपासून येतायत?"

"चार वर्षं झाली असतील."

"तुला माहीत होतं?"

तो चपापला. सरळ माणूस होता, खोटं बोलताना त्याचे कान लाल व्हायचे म्हणून त्यानं तो नाद कधीच सोडला होता. "होतं," तो म्हणाला. "कागदावर दिसायचं. सांगून काय करणार होतीस? पेटी परत बोटीवर ठेवणार होतीस?"

"नाही."

"मग?"

"माहीत तरी झालं असतं."

त्यानं पोळीचा तुकडा मोडून ताटातच ठेवला. मग म्हणाला, "ताईंचं मलाही वाटतं. पण मत ताईंना द्यायचं नाहीये, उमेदवाराला द्यायचंय. तो समोरचा निवडून आला म्हणून त्यांचा कारखाना उघडणार आहे का? भट्ट्या भंगारात गेल्यात."

"नाही उघडणार."

"आणि इथं काम कमी होईल. तुझं, माझं, दोघांचंही."

"होईल."

"तरी?"

त्याचं प्रत्येक वाक्य बरोबर होतं. हिशेब तिलाही येत होता. पण गेल्या दोन वर्षांत ताईनं तिला जे जे सांगितलं त्यातलं काहीही खरं तर तिच्यासाठी नव्हतं, असं तिला आता वाटत होतं. ते दुसऱ्या कुणाला तरी सांगायचं होतं. मोठ्या खुर्चीवरच्या, कागदावर सही करणाऱ्या कुणाला तरी. त्या माणसापर्यंत ताईचा फोन लागत नव्हता म्हणून ती बहिणीला लावत होती. "निरोप आहे रे," ती शेवटी म्हणाली. "माझ्याकडे एक निरोप आलाय. तो खिशात घालून मी किती दिवस फिरू?"

नवऱ्यानं ताटं उचलली. स्वयंपाकघरातून त्याचा आवाज आला, "सभेत मात्र जरा सांभाळून."

सभेला हजारभर माणसं होती. सुटलेली पाळी घामेजलेली, येणारी पाळी डबे घेऊन. ट्रकच्या पाठीवर मंच केला होता. तिनं दोन कागद लिहून आणले होते आणि पहिला कागद तिनं झकास वाचला. पहिल्या दिवशीची शिडी, वारा, मागे हटलेले चौघे. ते चौघेही समोरच उभे होते. लोक हसले, सेक्रेटरी तिच्या मागे उभे राहून आधीच टाळ्या वाजवत होते. दुसऱ्या कागदावर नवा धक्का होता. तिनं तो उघडला आणि पाहिलं. अक्षर तिचंच होतं. समोर इशारेवाला मान वर करून उभा होता, त्याच्या शेजारी मावशी, हातात अजून झारा. वर केबिनमध्ये असताना जसं होतं तसंच आता झालं. सगळे आवाज लांब गेले आणि फक्त वजन, वारा, अंतर उरलं. ती म्हणाली, "आता सेक्रेटरी साहेबांनी मला धक्क्याबद्दल बोलायला सांगितलंय. धक्का चांगला आहे. मला नव्या क्रेनही हव्यात. पण परवा माझ्या पेटीतून नळ सांडले ते तुम्ही पाहिले. ते नळ माझी ताई करायची. अठ्ठावीस वर्षं. गेल्या वर्षी ते बंद झालं. तिच्या गावात आता भोंगा होत नाही. मी इथं कुणाला मत द्या, देऊ नका, सांगत नाही. मला ते सांगता येत नाही. पण मी जे उचलते त्यात काय असतं ते मला आता माहीत झालंय आणि माहीत नसल्यासारखं मला बोलता यायचं नाही."

मागून एका माणसानं विचारलं, "मग ते लोक उठतात कशावर?" टिंगल नव्हती. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"सवयीवर," ती म्हणाली. "उठून बसतात."

सेक्रेटरींनी माईक घेतला आणि मोठ्या आवाजात घारीच्या हळव्या मनाचं कौतुक केलं. पण माणसं आपापसात बोलायला लागली होती. तिला मंचावरून तुकडे ऐकू येत होते. 'आमच्या आत्याकडेही तेच', 'काचकामाचं गाव ते, आता काय राहिलंय', 'भाऊ रोज फोन करतो'. तिला वाटलं होतं, आपण आपलं घरातलं काहीतरी चारचौघांत उघडं केलं. पण ते प्रत्येकाच्या घरात आधीच येऊन बसलेलं होतं, पाहुण्यासारखं, आणि जो तो आपल्याचकडे आलाय समजून गप्प होता. त्या एका क्षणी तिला हलकं वाटलं. आणि लगेच, नव्या धक्क्यावरची ती उंच मानेची क्रेन आपल्याला मिळणार नाही, हेही स्पष्ट कळलं. दोन्ही गोष्टी तिनं एकाच वेळी नीट पाहिल्या. एकीवर दुसरीची सावली पडू दिली नाही.

मतदानाच्या दिवशी ती सकाळीच गेली. शाळेचा वर्ग, बुटकी बाकं, पुठ्ठ्याचा आडोसा. एवढंसं काम होतं, तिच्या हाताला तर काहीच नाही. एक बटण. दाबताना हात थांबला नाही.

निकालानं सगळ्यांना चकित केलं. बंदराचे गृहस्थ शहरातून पडले. आणि नवल म्हणजे श्रीमंत वस्त्यांत नव्हे, बंदराच्या फाटकाभोवतीच्या कामगार वस्त्यांतच ते सगळ्यांत जास्त मतांनी मागे पडले. सेक्रेटरी दोन दिवसांनी कॅन्टीनमध्ये आले ते खुर्ची न पुसताच बसले. रागावले नव्हते. गणित चुकलेल्या मास्तरांसारखे दिसत होते. "मला एक समजावून सांग," ते म्हणाले. "इथं एकाचंही काम गेलेलं नाही. एकाचंही नाही! तिकडे कारखाने बुडाले, तिथल्यांनी विरोधात दिलं, समजू शकतो. पण आपल्या माणसांनी का द्यावं?"

तिनं विचारलं, "साहेब, तुमची सासुरवाडी कुठली हो?"

"माझी? इथलीच. मागच्या गल्लीत."

"तरीच," ती म्हणाली.

मावशी हसल्या तेव्हा सेक्रेटरींनाही थोडं हसावं लागलं. जाताना ते म्हणाले की दुसऱ्या धक्क्याचं आता काही खरं नाही. तिनं मान हलवली. वाईट वाटलं. ते तिनं लपवलं नाही, आणि आपलं मतही बदललं नाही.

रविवारी अकराला फोन आला. ताई आधी कुंड्यांवर बोलली, मग हवेवर. मग तिचा आवाज थोडा खाली गेला. "चिमणे, एक सांगू? रागावू नकोस. आमच्या इथं सगळ्यांनी त्या करवाल्याच्या माणसाला दिलं. मी नाही दिलं. मी तुमच्या धक्केवाल्यांच्या पक्षाला दिलं."

"का?"

"का म्हणजे? तुझ्या सहा क्रेन यायच्या होत्या ना. तू मुख्य होणार होतीस. दाजींनाही सांगितलं, मुकाट्यानं तिथंच द्या. आमचं काय, आमचं झालं. तरी पडलाच मेला."

ती खिडकीपाशी उभी होती. खाली एक माणूस सायकल पुसत होता. तिनं सांगितलं. नळ, सभा, बटण, सगळं, न थांबता.

"ताई?"

"त्यासाठी पाठवलं होतं का तुला?" ताईचा आवाज तिनं असा कधीच ऐकला नव्हता. "माझ्यापायी स्वतःचं वाटोळं करून घ्यायला? मूर्ख!" आणि फोन बंद झाला.

ती उभीच राहिली. नवरा दारात येऊन विचारून गेला, काय झालं. ती म्हणाली, काही नाही, थांब. ताई चुकते आहे असं तिला वाटलं नाही आणि आपण चुकलो असंही वाटलं नाही. दोघींनी आपापल्या गावातून एकमेकींकडे हात पुढे केला होता आणि वाटेत कुठंतरी ते हात एकमेकांना न लागता पुढे गेले होते. एवढंच झालं होतं. तिनं परत फोन लावला नाही. तिला माहीत होतं.

दहा मिनिटांनी वाजला.

ताई म्हणाली, "तू खरंच एवढ्या माणसांसमोर सांगितलंस? माझं?"

"हो."

"त्यांनी ऐकून घेतलं?"

"घेतलं. एकानं प्रश्नसुद्धा विचारला."

मग ताई जे बोलायला लागली ते हिनं दोन वर्षांत एकदाही ऐकलं नव्हतं. "माझं चाक नेलं ना, पॉलिशचं, त्या दिवशी मी तिथं होते. बाकीच्या आल्या नाहीत. मी गेले. भंगारवाल्याचा ट्रक यायच्या आधी मी त्याला तेल घातलं. नेहमीसारखं पुसलं, तेल घातलं. ते तुटायला चाललेलं, त्याला कशाला तेल? तो ट्रकवाला बघत होता माझ्याकडे. मला लाज वाटली गं, पण हात थांबेना. दाजींनाही नाही सांगितलं मी हे."

तिनं खुर्ची ओढली, बसली आणि फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मग?" ती म्हणाली.